नीराबाईचं औषध नीराबाईच्या हातात

नीराबाई पहिल्यांदा आमच्या आरोग्य केंद्रात आली ती खोकत, आणि आल्या आल्या भांडली.

२०२१ सालचा डिसेंबर होता. मी कमलेश. रेवदंड्याच्या आसपासच्या काही गावांत क्षयरोगाचं काम बघतो. थुंकीच्या डब्या गोळा करायच्या, तपासायला पाठवायच्या, ज्याला रोग निघेल त्याला गोळ्या पोचवायच्या आणि तो त्या खातो की नाही यावर नजर ठेवायची. सगळं कॉम्प्युटरात भरायचं. मी स्वतः आतल्या भातशेतीच्या गावचा. त्यामुळे कोळीवाड्यात पहिली दोन वर्षं मला कुणी ओट्यावर बस म्हणालं नव्हतं. हळूहळू म्हणायला लागले. नीराबाई म्हणाली नाही.

ती तेव्हा पन्नाशीत होती. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली, मानेचे स्नायू दोरखंडासारखे. पण वजन काट्यावर एक्केचाळीस किलो भरलं. थुंकीत जंतू सापडले होते. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला शांतपणे सगळं सांगितलं. सहा महिन्यांचं औषध. रोज सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या, एकदमच गिळायच्या. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी लाल-केशरी होईल, घाबरायचं नाही. बरं वाटलं तरी थांबायचं नाही.

मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. "मावशी, प्रणालीताई रोज सकाळी घरी येतील. त्यांच्यासमोर गोळ्या घ्यायच्या." प्रणाली म्हणजे त्या वाड्यातली आशा कार्यकर्ती.

"कोनासमोर न्हाय गिलायची मी," नीराबाई म्हणाली. "गोल्या माझ्या हातान दे. मी खाईन."

"तसं चालत नाही. नियम आहे."

खरं सांगायचं तर नियमात दुसऱ्याही वाटा होत्या. मला ही सोपी पडत होती, इतकंच.

"नियम मना सांगू नको," ती उठून उभी राहिली. "तुमच्या नियमानं माझा घरवाला मेला."

मॅडमनी मला हाताने गप्प केलं आणि तिला बसवलं. तोंडावरचं फडकं सावरत, मध्ये मध्ये खोकत तिने दादूची गोष्ट सांगितली.

दादू खलाशी होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याला हाच रोग झाला. तेव्हा गोळ्या एक दिवसाआड असत आणि त्या केंद्रात जाऊन कर्मचाऱ्यासमोर घ्याव्या लागत. ते केंद्र दुसरं, तिथली माणसंही आता नाहीत. दादूची बोट एकदा सुटली की आठ-आठ दिवस पाण्यात. त्याने हात जोडून सांगितलं, फेरीपुरत्या गोळ्या बरोबर द्या, मी बोटीवर खातो. दिल्या नाहीत. आमच्यासमोरच खायच्या, नाहीतर बोट सोड, असं सांगितलं. बोट सोडली तर घरात चूल कशाने पेटवायची, ते कुणी सांगितलं नाही. मग चार खाल्ल्या, तीन चुकल्या, असं होत होत औषध सुटलं. तिसऱ्या वर्षी दादू गेला. नीराबाई चौथीपर्यंत शिकलेली. त्याच्या कार्डावर काय लिहिलंय ते तिने स्वतः वाचलं होतं: 'उपचार सोडला'.

"त्यानं सोडला न्हाय," ती म्हणाली. "तुमी त्याच्या हातान दिलाच न्हाय."

मग मॅडम म्हणाल्या, "कमलेश, यांना महिन्याच्या गोळ्या घरी दे. मिस्ड कॉलवाल्या पाकिटातून."

ती पाकिटं अशी असतात की गोळ्या दाबून बाहेर काढल्या की आतून एक फोन नंबर दिसतो. रोज वेगळा. त्यावर मिस्ड कॉल दिला की आमच्या कॉम्प्युटरात त्या दिवसाची खूण होते. मी पाकीट नीराबाईच्या हातात दिलं, पण माझ्या मनात आलं ते तुळशीरामचं नाव.

तुळशीराम त्याच वाड्यातला, एका मोठ्या बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य खलाशी. वर्षभरापूर्वी त्यालाही मी अशाच गोळ्या हातात दिल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात अंगात ताकद आली, तशा त्याने गोळ्या खाडीत टाकल्या आणि कॉल मात्र रोज देत राहिला. ओहोटीला चिखलात त्या लालसर गोळ्या प्रणालीला दिसल्या, तेव्हा कळलं. मी जाब विचारला तर हसून म्हणाला, "मना काय झालाय आता?" त्यानंतर घरी गोळ्या नेणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी संशयाने बघत असे.

नीराबाईच्या घरात तिचा मुलगा ओंकार, सून रचना आणि तीन वर्षांची नात राही. ओंकार न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला, रविवारी घरी. मी घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. कुणाला रोग नव्हता. राहीला प्रतिबंधाचं औषध सुरू केलं आणि रचनाला सांगितलं, "जमलं तर मुलीला घेऊन थोडे दिवस माहेरी जा." घरात फोन एकच होता, रचनाचा. ती गेली तर फोनही जाणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिला महिना नीराबाईला फार जड गेला. सकाळी गोळ्या घेतल्या की पोटात ढवळायचं, दुपारपर्यंत तोंडाला चव नसायची. बाजार तिने स्वतःहूनच बंद केला होता. मागच्या अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळवायचं काम एकटीने करायची. मी गेलो की लांबूनच म्हणायची, "खाल्ल्या. जा." एकदा मी पाकीट दाखवा म्हणालो, तर तिने ते कौलाखालून काढून माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही.

फेब्रुवारीत दोन महिने पूर्ण झाले. थुंकी पुन्हा तपासली. जंतू होतेच.

मी कॉम्प्युटर उघडला. जानेवारीत सलग अकरा दिवस एकही कॉल नव्हता. मला वाटलं, झालं, हिचाही तुळशीराम झाला. मी तिला बोलावून घेतलं आणि चार माणसांसमोर, आता लिहितानाही लाज वाटते अशा आवाजात, म्हणालो, "मावशी, अकरा दिवस गोळ्या चुकवल्यात तुम्ही. म्हणून जंतू गेले नाहीत. आता रोज प्रणालीसमोरच घ्यायच्या."

"एक पन चुकवली न्हाय."

"मग कॉल कुठे आहेत?"

"रचना माहेरी होती. फोन तिच्याबरोबर. तूच धाडलीस ना तिला?"

"तुळशीरामकडेही कारणं होती, मावशी."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू दादूच्या कार्डावर लिहिणारा माणूस मीच होतो. ती निघून गेली. मी मात्र आपण कर्तव्य केलं अशा समाधानात जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्यरुग्णांची रांग लागलेली असताना ती पुन्हा आली. रांग ओलांडून सरळ आत. पदराखालून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या बाजूला, दणकन ठेवली. आत गडद केशरी लघवी होती.

"वाच," ती म्हणाली. "तुझा कॉम्प्युटर वाचता येतो ना तुना? ह्ये पन वाच."

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझे कान तापले. मॅडम त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. बाटली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "किती वाजता घेतल्या आज?"

"साडेपाचला. उठल्या उठल्या."

रिफाम्पिसिन नावाचं औषध पोटात गेलं की लघवीला हा रंग येतो. पण मी हट्टाने म्हणालो, "मॅडम, यावरून आजचं कळतं. जानेवारीतल्या अकरा दिवसांचं काय?"

"मग रोज ये," नीराबाई म्हणाली. "सांगून येऊ नको. पहाटे ये, दुपारी ये. बाटली भरून देते."

मी गेलो. चिडूनच गेलो. त्या आठवड्यात तीनदा, न सांगता. तिन्ही वेळा तिने बाटली हातात दिली आणि तिन्ही वेळा रंग तोच. तिसऱ्या खेपेला परत येताना मोटरसायकलवर मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई खरं बोलत असेल तर?

तोवर मॅडमनी तिची फाईल मागवून घेतली होती. मी केंद्रात पोचलो तेव्हा त्या एकेक कागद उलटत होत्या. "पहिल्या तपासणीत एकाच औषधाचं कळतं, ते लागू पडतंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांसाठी दुसरा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. हिचा रिपोर्ट कुठाय?"

रिपोर्ट नव्हता. त्याच्या जागी एक पत्र होतं. नमुना अपुरा आहे, पुन्हा पाठवावा. तारीख डिसेंबरची. पत्र माझ्या नावाने आलं होतं आणि मीच ते फाईलला लावून विसरलो होतो.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ते पत्र माझ्याकडे सरकवलं. मी त्याच दुपारी कोळीवाड्यात जाऊन नवा नमुना घेतला आणि स्वतः नेऊन दिला.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. मध्येच शिमगा आला. कोळीवाड्याचा सगळ्यात मोठा सण. होड्यांना पताका लागल्या, किनाऱ्यावर होळी उभी राहिली, बायका एकसारख्या रंगाची लुगडी नेसून नाचायला निघाल्या. नीराबाईला बोलवायला दोघीजणी आल्या होत्या, पण ती ओट्यावरून उतरली नाही. "जंतू जात न्हाय तवर मी येत न्हाय," तिने सांगितलं. "माझ्या खोकल्यानं कोनाचा पोर आजारी पडला तर?" तिला कुणी बंदी घातली नव्हती. ढोल ऐकत ती ओट्यावर बसून राहिली, हे मला प्रणालीने सांगितलं.

मार्चच्या अखेरीला रिपोर्ट आला. चार औषधांपैकी एक औषध तिच्या जंतूंवर चालतच नव्हतं. ती रोज तीन गोळ्या गिळत होती, पोटातलं ढवळणं सोसत होती आणि तिच्या छातीतल्या जंतूंना त्यातल्या एका औषधाचं काहीच वाटत नव्हतं. तिने काही चुकवलं नव्हतं. चुकवलं होतं मी.

मी गेलो तेव्हा ती मांडवावरचे बोंबील उलटत होती. मी चपला काढून अंगणात उभा राहिलो आणि रिपोर्टमध्ये काय आहे ते सांगितलं. ते औषध काढून दुसरं घालायचं आणि आजपासून नव्याने सहा महिने, हेही सांगितलं. मग म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

तिने हातातला बोंबील दांडीवर नीट अडकवला. "चुकला ते मना सांगू नको. त्या कॉम्प्युटरान लिव."

"काय लिहू?"

"नीराबाईनं सगल्या गोल्या खाल्ल्या. लिव. आनि मना दाखव."

मी दुसऱ्या दिवशी तिला केंद्रात घेऊन आलो. शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'रुग्णाने सर्व गोळ्या नियमित घेतल्या आहेत. कॉलची नोंद फोन उपलब्ध नसल्याने नाही. नमुना पाठवण्यास विलंब कर्मचाऱ्याकडून.' तिने पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. 'कर्मचाऱ्याकडून' पाशी थांबली. "तुझा नाव न्हाय?"

मी माझं नाव घातलं.

"आता नवीन गोल्या दे," ती म्हणाली. "हातान."

नवं औषधही सोपं नव्हतं. गुडघे धरले, टाचा दुखायला लागल्या, जमिनीवर बसलं की उठताना भिंत धरावी लागायची. ती मला शिव्या द्यायची, गोळ्यांना द्यायची, पण मॅडमनी दुखण्यावर वेगळं काही दिलं तेवढं घेऊन पुढे जायची. मेच्या सुरुवातीला थुंकी साफ आली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासली, पुन्हा साफ. मॅडम म्हणाल्या, "आता बाजारात बसायला हरकत नाही. औषध मात्र सप्टेंबरपर्यंत."

बाजारात तिची जागा दाराजवळ, नळाच्या बाजूला. वीस वर्षांची. शेजारी केसर बसायची. दोघी एकाच टेम्पोने यायच्या, एकीचा डबा दुसरी खायची. त्या सकाळी मी मुद्दाम तिथे गेलो होतो. नीराबाई पाटी घेऊन आली तर तिच्या जागेवर केसरच्या दोन पाट्या. बाकीच्या बाया माश्यांवर पाणी मारत खाली बघत होत्या.

"केसर, पाटी काढ."

"तिकडं भिंतीला बस ना," केसर म्हणाली. "गिऱ्हाईक घाबरतं गो. आमचा पन पोट हाय."

"भिंतीला तू बस. मी हितंच बसनार."

केसरने पाट्या काढल्या नाहीत. नीराबाईने वाकून, दुखत्या गुडघ्यांवर, त्या दोन्ही पाट्या एकेक करून उचलल्या आणि केसरच्या बाजूला ठेवल्या. मग आपली पाटी मांडली, पापलेटं रचली. हरिहरेश्वरला निघालेलं एक मुंबईचं कुटुंब बाजारात उतरलं होतं. त्यांतली बाई नीराबाईसमोर थांबली, एका पापलेटाचा कल्ला उघडून बघू लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "त्या बाईकडनं नका घेऊ हां. तिला टीबी हाय."

त्या बाईने हात मागे घेतला. माझ्या मनात आलं, पुढे व्हावं, सांगावं की मी सरकारी माणूस आहे, आता धोका नाही. पण नीराबाई आधीच उठली होती. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"व्हय, मना टीबी झालता! लपवला कोनी? बाजार बंद करून पाच महिनं घरी बसले, तुमच्या पोरांना होऊ नये म्हनून. शिमग्याला पन आले न्हाय. आता थुंकी साफ हाय. ज्याला भ्या वाटतो त्यानं दुसरीकडं जावा. मी जात न्हाय!"

ते कुटुंब गेलं दुसरीकडे. त्या दिवशी तिच्याकडून कुणी फारसं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज येत राहिली, रोज दाराजवळच बसली. मी म्हणालो, डॉक्टरांचा कागद आणून देतो, लावून ठेवा, तर म्हणाली, "कागद मासली विकतो काय?" पावसाळ्याची मासेमारी बंदी लागेपर्यंत तिची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परतली. तिचे मासे ताजे असायचे, हे त्यांना माहीत होतं. केसर शेजारी बसते, पण आजही तिच्याशी कामापुरतंच बोलते.

सप्टेंबरात औषध संपलं. शेवटची तपासणी साफ. वजन एकोणपन्नास किलो. कॉम्प्युटरात मी 'बरा झालेला रुग्ण' असं नोंदवलं.

त्याच महिन्यात तुळशीराम परत आला. आला म्हणजे नीराबाईने त्याला दंडाला धरून आणला. तो तांडेल आता अर्धा उरला होता. दोन्ही फुफ्फुसं खाल्लेली, आणि नेहमीची औषधं लागू पडेनाशी झालेली. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, लांबलचक औषध सुरू झालं. नीराबाई त्याच्या बायकोला रोज विचारायची, खाल्ल्या का, आणि तो आता खरंच खात होता. पण उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी तो गेला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा नीराबाई ओट्यावर बसली होती. डोळे कोरडे, आवाज रागाचा.

"याचं लिव," ती म्हणाली. "यानं सोडला, म्हनून लिव. याच्या हातान दिल्या व्हत्या तुमी. दादूला न्हाय दिल्या. याला दिल्या, आनि यानं पान्यान टाकल्या."

मला वाटलं होतं ती त्याची बाजू घेईल. तिने घेतली नाही. पण म्हणून पुढच्या माणसाला हातात गोळ्या देऊ नका, असंही ती म्हणाली नाही.

पुढच्या मार्चमध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांना अलिबागला एका बैठकीत बोलावलं. फूल दिलं, फोटो काढले. एका साहेबांनी कौतुकाने विचारलं, "रोज बघायला कुणी नव्हतं, तर गोळ्यांची आठवण कशी राहायची हो तुम्हाला?"

"साहेब, तुमी रोज जेवता, त्याची आठवन कोन करून देतो?"

सभागृह हसलं. ती हसली नाही. फूल खुर्चीवर ठेवून तिने माईक स्वतःकडे ओढला. "बोटीवरच्या मानसाला फेरीच्या गोल्या बरोबर द्या. खात न्हाय असा वाटला तर लघवी बघा, घरी जा, भांडा. पन आधीच चोर ठरवू नका."

साहेब म्हणाले, तशी सोय नियमात आधीपासून आहे.

"मग बोटीवर कोनी सांगितला का न्हाय?"

त्यानंतर मी आणि प्रणाली बोटी सुटायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर जायला लागलो. आतापर्यंत तीन खलाशांनी बोटीवर गोळ्या खाऊन औषध पुरं केलं. एकाने मध्येच सोडलं. त्याच्या मागे आम्ही अजून आहोत.

बरं झाल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते. नीराबाईची शेवटची २०२४च्या सप्टेंबरात होती. मी तिला न्यायला सकाळी धक्क्यावर गेलो. छातीत जुन्या जखमेचा डाग राहिला आहे, त्यामुळे चढावर तिला दम लागतो. आता ती पाटी डोक्यावर घेत नाही, ढकलगाडी करते. एक बोट नुकतीच लागली होती आणि लिलाव सुरू होता. बायांच्या घोळक्यात मधोमध उभी राहून ती हात वर करत होती.

"मावशी, एक्स-रेची वेळ झाली," मी ओरडून सांगितलं. "मशीनवाला थांबणार नाही."

तिने मान वळवली नाही. "थांबंल. न्हाय थांबला तर उद्या जाऊ. रोग माझा होता, छाती माझी हाय. सुरमई घेतल्याबिगर मी येत न्हाय."

मी मोटरसायकल बंद केली आणि बाजूच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. पुढे लिलाव पाऊण तास चालला.